भगदाडाचा नकाशा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षण विभाग कार्यालय, दुसरा मजला.

मार्फत: कोणीही नाही. मुख्याध्यापकांनी कानावर हात ठेवल्यामुळे अर्ज थेट सादर.

विषय: नकाशा काढल्याच्या कारणावरून रोखलेल्या विद्यार्थिनीस उद्याच्या इंग्रजी तोंडी परीक्षेस बसू देणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराकडून खुलासा मागवणारे आपले पत्र.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार ही नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. बहुतेक मुलांच्या घरात इंग्रजीचा गंध नाही. पुस्तकातल्या राजपुत्राशी त्यांना काही देणेघेणे नसल्याने ती तासाला ढिम्म बसत. म्हणून अर्जदाराने भूगोलाच्या सरांकडून नकाशे मागून घेतले आणि नद्या, दिशा, रस्ते यांवरून इंग्रजी शिकवायला घेतले. सरांनी हरकत घेतली नाही. आपला विषय कुणीतरी ऐकतेय, यातच त्यांना आनंद झाला.

२. सदर विद्यार्थिनीला वर्गात सगळे 'मुकी' म्हणतात. वर्षभर तिने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नव्हते. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता कागदावर काढा आणि तो इंग्रजीत सांगा, असा गृहपाठ दिला, तेव्हा ही मुलगी फळ्यापाशी येऊन बोलतच सुटली. सायकलचे दुकान, तिथून डावीकडे, पाण्याची टाकी, मग वीज उपकेंद्राची मागची भिंत. "देअर इज अ गॅप इन द वॉल. वी गो थ्रू इट." भिंतीला भगदाड आहे आणि मुले त्यातून येतात, हे तिने जसे आहे तसे सांगितले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. अर्जदाराला, खरे सांगायचे तर, रडू आले.

३. तो नकाशा कौतुकाने व्हरांड्यात लावला, ही अर्जदाराची चूक म्हणायची तर म्हणावी. उपकेंद्राचे सुरक्षा अधिकारी आपल्या मुलाच्या प्रगतीची चौकशी करायला शाळेत आले असता त्यांनी तो वाचला. आपल्या भिंतीला भगदाड आहे, हे त्यांना तेव्हाच कळले. त्यांनी नकाशा जप्त केला, संरक्षित जागेची माहिती फोडल्याचा ठपका मुलीवर ठेवला आणि चौकशी संपेपर्यंत तिला शाळेत घेऊ नये, असे बजावले. मुख्याध्यापकांनी लगेच मान डोलावली.

४. चौकशी समिती मुलीच्या घरी गेली ती त्याच जप्त नकाशावरून. वाटेत कुणालाही पत्ता विचारावा लागला नाही. मुलीची आई सांगते की, साहेब मंडळी भगदाडातूनच आली आणि एकाचा शर्ट सळईला अडकून फाटला. शर्टाबद्दल अर्जदारास वाईट वाटते. भगदाड आजही उघडेच आहे.

५. नकाशा काल्पनिक का नव्हता, असे आपल्या पत्रात विचारले आहे. काल्पनिक रस्त्याने मुले शाळेत येत नाहीत, एवढेच नम्र निवेदन.

६. उद्याची परीक्षा चुकली, तर ही मुलगी नापास धरली जाईल. तसे झाल्यास वडील तिला शिवणाच्या कारखान्यात लावणार आहेत, मालकाशी बोलणेही झाले आहे. काल अर्जदार तयारी घ्यायला तिच्या घरी गेली. साध्या दिशा विचारल्या, तरी पोर पुन्हा पहिल्यासारखी गप्प. मग खाली मान घालून म्हणाली, "बाई, भिंत अख्खी आहे असं लिहायला हवं होतं का?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास सवडीने कळवावे, पण आधी तिला परीक्षेला बसू द्यावे.

७. दोषी कुणीतरी हवाच असेल, तर गृहपाठ अर्जदाराने दिला होता. मुलीने तो केला, एवढाच तिचा अपराध. परीक्षा सकाळी आहे, तरी आदेश आजच व्हावा.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
नववीची इंग्रजी शिक्षिका
दिनांक: परीक्षेचा आदला दिवस

सोबत:
१. मागवलेला खुलासा.
२. मुलीच्या आईचे निवेदन.
३. अर्जदाराचा राजीनामा. सही केली आहे, तारखेची जागा कोरी ठेवली आहे. मुलगी परीक्षेच्या खोलीत शिरली, की तारीख आपल्या हाताने घालावी.