डाव्या पायाले काम नसनारी गाडी

मुक्काम मालेगाव, जीप स्टँड
(दोन फेऱ्यायच्या मधात, बोनेटवर कागद ठेवून)

सन्माननीय साळेसाहेब श्री. बादलराव, पुन्याचे रहिवासी अन् आमच्या गुडघ्याचे काळजीवाहू, यायले भाऊजी रतनसिंगचा जय सेवालाल.

इकडं सारे मजेत हायेत. तुमची ताई ललिताबाई मजेत हाये, तिचा फोन तिच्याहून मजेत हाये (रोज तुमाले माह्या गुडघ्याची खबर देते ना, म्हनून). गुडघाही मजेत हाये. तुमची तब्येत, रातपाळी अन् आमच्या निताचा स्वयंपाक कसा हाये ते कळवा. फोनवरच बोललो असतो, पन तुमाले सांगेल गोष्ट दहा मिनिटात ताईच्या कानात पोचते. कागद निदान दोन दिवस त तोंड बंद ठेवते.

त विषय असा का तुमी हुकूम सोडला होता : भाऊजी, क्लच दाबू दाबू गुडघा गेला, डॉक्टरही गाडी हाकाले नाही म्हनते, आता ते खटारा जीप भंगारात द्या, मी तुमाले बिनक्लचची गाडी घेऊन देतो, फक्त एकदा चालवून पाहा. लय उपकार झाले. ज्या जीपनं तुमाले परीक्षेले फुकट नेलं (अन् पुढच्या सीटवर, भाजीवाल्या भागिरथाबाईले मागं बसवून), ते आता खटारा झाली, हे ऐकून जीपले किती बरं वाटलं असंन. गाडी मले आवडली का जीप गेली, अन् जीप गेली का माही मालेगाव–शिरपूर–रिसोड लाईन गेली, हे तुमालेही माहीत अन् मलेही. तरी चालवली. साळ्याचा मान राखावा लागते.

मंगळवारी वाशीमच्या शोरूममधून करण नावाचा पोरगा गाडी घेऊन घरासमोर हजर. एवढ्या उन्हात गळ्यात टाय. गाडी लालभडक, अन् उंची एवढी का आत बसाच्या आधी जमिनीले नमस्कार कराव लागते. मी वाकलो, पाय टाकला, काढला, परत टाकला (गुडघा मजेत हाये, प्यांट घट्ट होती). सीट असी का दोन्ही बाजूनं कवटाळून धरते, मले वाटलं पोलिसायनंच धरलं. मंग करणनं शिकवनी लावली. स्टेरिंगच्या मागं दोन कान हायेत. उजवा ओढला का गेर वर जाते, डावा ओढला का खाली येते. म्हनलं बाप्पा, ठीक हाये, क्लच कुठी ठेवला? त तो पोरगा हासून म्हने, “काका, या गाडीत डाव्या पायाले काही कामच नाही.” एवढी वर्सं गाडी हाकून राह्यलो, पन माह्या पायाले तोंडावर असं कोनी बोललं नव्हतं.

पायाले ते पटलं नाही. गाडी हालली का तो क्लच शोधाले निघाला, अन् सापडला ब्रेक. करणचा काळा चष्मा समोरच्या काचेले जाऊन भेटला. स्टँड येईपर्यंत चष्म्याची अन् काचेची चांगली ओळख झाली. शेवटी मीनं डावा पाय सीटखाली कोंबून ठेवला, शाळेत खोडकर पोट्टं कोपऱ्यात बसवते तसा.

आता स्टँडवरून गाडी न्याची म्हनल्यावर जे होते तेच झालं. मीनं वेग कमी केला, हात बाहेर काढला, दरवाज्यावर थाप देल्ली अन् ‘शिरपूर, शिरपूर, रिसोड’ केलं. करण म्हने, काका, हे काहून? मले काय माहीत काहून! तोंडाले सवय हाये. तेवढ्यात आपला ग्यानबा, पाठीवर फवारनीचा पंप, दरवाजा उघडून पंपासकट आत. गाडीच्या मागं शोभेची एक फळी लावेल हाये (वारा कापाले म्हने, आमच्या इकडल्या वाऱ्यानं काय गुन्हा केला?). पंप तिच्यावर बांधू काय, असं ग्यानबानं लय अदबीनं इचारलं. करणनं हात जोडले. गाडीत पाच मानसं बसले का गाडी भरली म्हने. पाच! माह्या जीपमंदी पाच मानसं बसले त मी ते रिकामी समजतो.

पुढच्या फाट्यावर भागिरथाबाई टोपलं घेऊन उभी. शिरपूरच्या बाजारात भाजी विकते, तिचं पुढचं सीट ठरेल हाये, तुमाले माहीत हाये. गाडी तिनं ओळखली नाही, पन दरवाज्यावरची माही थाप ओळखली. तिच्यासाठी करणले मागं जा लागलं, ग्यानबाच्या पंपाशेजारी. बिचाऱ्याचा टाय पंपाच्या नळीत गुतला तो शिरपूरलेच सुटला.

सरळ रस्ता लागल्यावर मीनं उजवा कान ओढला. गाडी अशी सुटली का काय सांगू. तिचं कौतुक कराव लागते. म्हनजे नाही, काही कराव नाही लागत. कारन पुढं वळन आलं. जीपमंदी वळनावर भागिरथाबाई समोरची लोखंडी दांडी धरते. इथं सारं गुळगुळीत, धराले काही नाही. तिले जो दिसला तो कान तिनं धरला, अन् धरला तो डावा. गाडीनं असी किंकाळी फोडली का वावरातले लोकं उभे राहून पाहाले लागले. मागून करणनं दुसरी फोडली. म्हातारीनं घाबरून हात सोडला अन् हळूच इचारलं, “रतन, गाडीले दुखलं काय रे?”

शिरपूरच्या ब्रेकरवर गाडीचं पोट घासलं ते येगळंच. उतरताना ग्यानबानं भाडं करणच्या हातात ठेवलं (टाय पाहून त्याले तो कंडक्टर वाटला). ही टेस्ट ड्राइव्ह हाये, पैसे लागत नाही, असं करणनं समजावलं. ग्यानबा म्हने कोनती का असंना, मी फुकट बसत नाही. भागिरथाबाई मात्र टोपलं डोक्यावर घेऊनही उभीच. म्हने, “जीप इकू नको रतन. माह्या फाट्यावर बस थांबत नाही.” मीनं शब्द देल्ला, नाही इकत. दुसरं काय म्हनू?

तवा साळेसाहेब, गाडी काही कामाची नाही. टोपलं बसत नाही, पंप बसत नाही, अन् मानूस बसला त निघत नाही. तुमीच घ्या, तुमच्या पुन्यात शोभंन. माहा गुडघा पहिल्यासारखा ठनठनीत हाये, त्याच्यावर गाड्या उधळू नका. निताले अन् लेकरायले आशीर्वाद.

तुमचाच,
रतनसिंग (गुडघ्यासह मजेत)

ता. क. – गाडीतून उतरताना मी ‘माय वो’ म्हनलो, असं तुमच्या ताईनं सांगतलं असंन. ते गाडीची किंमत ऐकून म्हनलो होतो.

आनखी एक ता. क. – करणचा फोन आला होता. सीटमंदून फवारनीचा वास जाऊन नाही राह्यला म्हने. मीनं सांगतलं, गिऱ्हाइकाले सांग, नव्या गाडीचा वास असाच असते.

शेवटची ता. क. – बादल, तुह्या कंपनीत गाड्यायचे पार्ट बनतात ना? ते दोन कान जुन्या जीपले बसवता येतात काय, तेवढं कोन्या साहेबाले इचारून पाहाजो. दोन नसन जमत त एक. त्या दिवशी डाव्या पायानं खरंच काही काम केलं नाही, अन् संध्याकाळी मी लय दिवसानं मांडी घालून जेवलो. तुह्या ताईनं पाह्यलं. एक भाकर जास्त वाढली अन् चुलीकडं तोंड करून बसली. आजकाल क्लच दाबाच्या आधी मले दात आवळाव लागते रे, अन् म्हातारीले त मी शब्द देऊन बसलो. उत्तर जीप स्टँडच्या पत्त्यावर पाठवजो. घरी पाठवलं त तुह्या ताईले समजंन का तिचंच खरं होतं, अन् मंग ती मले जीपजवळ बी जाऊ देनार नाही.