नाक पायाच्या बोटांवर

ता. ४ फेब्रुवारी १९४६, सोमवार. नगर.
आजपासून दवाखान्यात उमेदवारी. काम: रोग्यांना उठवणे, बसवणे, कुशीवर वळवणे, चालवणे. उमेदवार दोघे, जागा एक. दुसरा याकोब, अंगाने काडी. महिनाअखेर परीक्षा. पास झालो की नोकरी कायम. नापास झालो तर कोपरगावला मामाच्या गुऱ्हाळावर चुलवणात पाचट सारत बसावं लागेल, पण तो प्रश्नच येत नाही. मी तालमीतला माणूस. कायम झालो असं मामाला आजच कळवून टाकलं.

ता. ७, गुरुवार
आम्हाला शिकवणाऱ्या मडमसाहेबांचा पहिला धडा. माणूस उचलायचा नसतो म्हणे! पाय फाकवून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, ओझं अंगाशी. अशक्त लोकांसाठी ठीक आहे. याकोब सगळं लिहून घेत होता. मी जांभई दिली, पण शिस्तीत.

ता. १२, मंगळवार
धडा: खुर्चीतून उठवणे. उठणाऱ्याचं नाक आधी त्याच्या पायाच्या बोटांवर आलं पाहिजे, मग बूड आपोआप हलकं होतं. मडमसाहेबांनी आम्हाला पाठ ताठ ठेवून उठून दाखवा म्हटलं. याकोबला उठता येईना. मलाही नाही, पण माझी खुर्ची खराब होती.
याकोब संध्याकाळी स्वयंपाकीण रंगुबाईला ज्वारीच्या पोत्यावरून उठवायचा सराव करतो. ती खूश. मला सरावाची गरज नाही. जोर-बैठका चालू आहेत.

ता. १५, शुक्रवार
काल काकासाहेबांना (रोगी, पोट मोठं) एकट्याने खाटेवरून उचलून खुर्चीत ठेवलं. मडमसाहेब रागावल्या. मनातून थक्क झाल्या असाव्यात. काकासाहेब ओरडले खरे, पण ते स्वभावानेच ओरडे आहेत.
कंबर जराशी धरली आहे. थंडीने.

ता. २०, बुधवार
परीक्षेचे रोगी ठरले. माझ्याकडे पुणतांब्याचे सूर्यभान. बैलगाडीवरून पडून मांडी मोडली होती. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, तरी माणूस उठत नाही. म्हणतात, पाय आता माजा न्हाई ऱ्हायला. बायको छबूबाई उशाशी बसून भाकरी चारते. मडमसाहेब म्हणाल्या, हाड बरं आहे, त्यांना पुढे वाकायचं भय वाटतं. भय घालवा, उचलू नका.
छबूबाई म्हणाली, ह्ये तरणे हुते तवा लई नावाजलेले पैलवान. प्रत्येक म्हाताऱ्याची बायको हेच सांगते. मी सूर्यभानांना माझा दंड दाखवला. त्यांनी दाबून पाहिला आणि भिंतीकडे तोंड केलं. दिपले असावेत.

ता. २५, सोमवार
गुडघे वाकवायचा सराव उद्यापासून. नक्की.

ता. २७, बुधवार
उद्या परीक्षा. सराव राहिला. शिंप्याकडे जावं लागलं. पांढरा कोट झकास बसला आहे. कायम नोकरीला कोट लागतोच.

ता. २८, गुरुवार. दुपार. (आडवा पडून लिहीत आहे.)
याकोबने सहादेव नावाच्या रोग्याला उठवलं. काही काम केल्यासारखं दिसलंच नाही. मग माझी पाळी. सूर्यभान खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेले. गुडघे मी वाकवणारच होतो, पण सगळा वॉर्ड बघत होता. समोरून सरळ कमरेला कव घातली, तालमीत घालतो तशी. एवढीच चूक. चूक नव्हे, सवय.
म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. झटकन पुढे वाकला, नाक बरोबर पायाच्या बोटांवर, माझा हात काखेत दाबला आणि कुस्तीतली ढाक मारली. मला छताचे वासे दिसले. वॉर्डात टाळ्या. सूर्यभान दोन्ही पायांवर उभे! छबूबाई रडत होती आणि ओरडतही होती, आवं, सोडा त्याला, चीत झालाय त्यो!
मडमसाहेबांनी वॉर्डाला विचारलं, आत्ता वाकणं कुणाचं बरोबर होतं? सगळ्यांनी रोग्याकडे बोट दाखवलं.
तरीसुद्धा रोगी उभा राहिला तो माझ्यामुळे. हे कुणी बोललं नाही. वाईट वाटलं.

ता. १ मार्च, शुक्रवार
कंबर हलत नाही. याकोब कायम झाला. दोन वेळा मला कुशीवर वळवून गेला. दुखलं नाही. माझा कोट त्याला ढगळ होतो.

ता. ४, सोमवार
सूर्यभान घरी निघाले. चालत माझ्या खाटेपाशी आले. म्हणाले, पोरा, कव झ्याक घातलीस, पर पाय जोडून हुबा हुतास. मडमसाहेबांनी पहिल्या धड्यात सांगितलं तेच हे. लोक एकमेकांचं ऐकून बोलतात.

ता. १३, बुधवार
मामा येऊन बघून गेला. म्हणाला, असली कंबर गुऱ्हाळावर काय कामाची? एकटाच परत गेला. रात्रभर काळजीने झोप नाही.

ता. १८, सोमवार
काम मिळालं! नवे उमेदवार आले आहेत. त्यांना सरावासाठी वजनदार माणूस हवा होता, मडमसाहेबांनी मला नेमलं. जेवण दवाखान्याचं. शिकवणार याकोब. मी फक्त अंग सैल सोडून पडून राहायचं, बाकी ते करतील.
पहिला दिवस झाला. मडमसाहेब म्हणाल्या, सत्यवान, हेही तुम्हाला जमत नाही. मध्येच जोर लावता.