दोनदा घेतलेला मासेमारीचा गेम

टोरगेर,

वाढदिवसाला मी दिलेला मासेमारीचा गेम तुझ्याकडे आधीच होता, हे तू सांगितलंच नाहीस. मलाच दिसलं, म्हणून ऑनलाइन दुकानात एक परत करायला गेले आणि परतीच्या अर्जात चुकून तुझाच टाकला. आज तू डबा घेऊन निघालास आणि दुकानाचं उत्तर आलं: एकशे बारा तास खेळलेला गेम परत घेत नाही. सोबत खेळल्याच्या वेळा होत्या. रोज नऊ ते तीन, शनिवार-रविवार सुट्टी. मला वाटायचं, तेव्हा तू गोदीत वेल्डिंग करत असतोस.

कामावरून कधी काढलं रे तुला?

चिठ्ठी कम्प्युटरवरच ठेवतेय, म्हणजे नऊला सापडेल. डबा खाऊन घे. आणि उद्यापासून मी बाहेर पडायची वाट बघत बर्फात उभा राहू नकोस. घरातच थांब.

इंगविल्ड