भोकं नसलेली कुंडी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (लेप लावतेस की नुसता शेजारणींना दाखवतेस?) इकडे सगळं ठीक, माझी फजिती सोडली तर.

लेक-जावयांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, हे मी तुला एकटीला सांगितलं होतं, म्हणजे एव्हाना सगळ्या नातेवाइकांना कळलं असेल. लेक हवामान कचेरीत तापमानाच्या नोंदी ठेवते. म्हणाली, "बाबा, दर वर्षी आकडा वर चाललाय. अशा उन्हात कुणाला न विचारता कसं बोलावू?" मी म्हटलं, "मला तरी कुणी विचारलं होतं?" तर म्हणे, "म्हणूनच दिवसभर कुरकुरता!" जावई हसू दाबायला पाणी प्यायले.

मी गप्प बसलो, पण सुताराचे हात थोडेच गप्प बसतात? जुन्या कपाटाचं लाकूड पडून होतं. खोलीचं दार बंद करून पाळणा केला. कोपरे असे गोल घासले की माशीही घसरावी. (देवापुढे रोज म्हणायचो, मागत काही नाही, फक्त तयारी ठेवतोय. देवाला अशी माणसं ओळखू येत असणार.) एक दिवस लेक अचानक आत आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुंडी आहे! टोमॅटोसाठी!" पोरगी हरखली. बाबांना आपलं म्हणणं पटलं असं समजून त्याच दुपारी माती भरली, रोपं लावली, रोज कौतुकाने पाणी घालू लागली. आता कुंडीला तळाशी भोकं लागतात. ती म्हणायची पाडा, मी म्हणायचो उद्या. गिरमिट घेऊन दोनदा बसलो, पण पाळण्याच्या तळाला भोक पाडवेना. आठवड्यात रोपं कुजली. तिने चिखलातून हात काढला, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबा, कुंडीला इतके गोल कोपरे?" मग शेजारी बसून हळूच म्हणाली, "मला बाळं आवडत नाहीत असं वाटतं का तुम्हाला?" ताई, आवडतात म्हणूनच ती घाबरते, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

तुझा,
भाऊ

ता. क. : पुढच्या महिन्यात येऊन तिला चार शब्द सुनाव, असं मीच तुला लिहिलं होतं. तू जरूर ये, शब्द घरी ठेव.

ता. क. २ : भोकं आज पाडली. सहा. नवी रोपं लागली आहेत.

ता. क. ३ : सहाही भोकांच्या मापाच्या खुंट्या करून देवाच्या तसबिरीमागे ठेवल्यात. लागलंच तर बुजवता येतील. तिला सांगू नकोस. (देवाला माहीत आहे.)