दर तासाला पेटणारा डोंगर

मोमीताई,

लास वेगासला आम्ही सुखरूप आहोत. आई जुगाराकडे ढुंकूनही पाहत नाही, बैलाच्या शेपटीचं सूप मात्र दोन्ही वेळा ओरपते. मला इथल्या सगळ्याची किळस आलीय. हौदात समुद्र, आणि सिगारेटचा वास लपवायला हवेत अत्तर!

काल हॉटेलबाहेर खोटा ज्वालामुखी पाहिला. दर तासाला बँडच्या तालावर पेटतो आणि लोक टाळ्या पिटतात. आपल्या बेटावरच्या ज्वालामुखीच्या पेलेदेवीनं डोंगर फोडून आपलं घर गिळलं, तेव्हा कोणी टाळ्या पिटल्या होत्या? मी थुंकणारच होते, तेवढ्यात आईनं कानावरचं फूल काढून कठड्यावर ठेवलं.

"देवीला दर तासाला नाचवतात गं मेले! दमली असेल बिचारी."

शुक्रवारी परततो. आई विचारते, तिकडे तरी देवी निवांत निजलीय ना?

तुझी धाकटी,
केहाऊ