काउंटरजवळचा ऑफिसर

२ फेब्रुवारी. सकाळ, ड्यूटीच्या आधी.
आजपासून इंग्रजी. बस्स, ठरलं.

कारण असं की मामाचा फोन आला. स्थळ जवळजवळ पक्कं आहे. मुलीचे वडील, रिटायर्ड बस ड्रायव्हर, पुढच्या महिन्यात आपल्या मुलाकडे परदेशी चाललेत आणि त्यांचं विमान नेमकं आमच्याच एअरपोर्टवर बदलतं. मधल्या वेळात ते मला काउंटरवर काम करताना बघणार. मामा म्हणाला, काही करायचं नाही, दोन शब्द बोल, चहा पाज, की सुपारी फुटलीच समज.

अडचण एवढीच की मी काउंटरवर नसतो. मी व्हीलचेअर ढकलतो.

खोटं मी बोललेलो नाही. आईने विचारलं होतं, काउंटरवर असतोस का रे. मी म्हटलं, काउंटरजवळ असतो. आमच्या खुर्च्या तिथेच तर लावलेल्या असतात. पुढचं आई आणि मामाने आपापल्या सोयीने वाढवलं. ऑफिसर हा शब्द मामाचा. मी फक्त नाही म्हटलं नाही.

पण काळजीचं कारण नाही. काउंटरवर ट्रेनी घेणार आहेत. तोंडी परीक्षा, अट एकच, इंग्रजी. म्हणजे शिकायचीही एकच गोष्ट.

३ फेब्रुवारी.
पुस्तक मिळालं. विमान कंपनीत काम करणाऱ्यांसाठी उपयोगी इंग्रजी. ट्रेनिंग रूममध्ये कुणीतरी खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत अडकवलं होतं. पानावर मोबाइल धरला की मोबाइल वाचून दाखवतो आणि अर्थही सांगतो. मास्तर खिशात.

पहिला धडा, स्वागत. गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू. हे काय शिकायचं? शेंबड्या पोराला येतं.
शेवटून सुरुवात केली. शेवटचा धडा सगळ्यात अवघड, इमर्जन्सी. अवघड आलं की सोपं आपोआप येतं. आमच्या शाळेत हे कुणाला कळलं असतं तर मी आठवीतून घरी आलो नसतो.

७ फेब्रुवारी. संध्याकाळ.
प्रगती जोरात. पाच वाक्यं तोंडपाठ. प्लीज रिमेन काम. देअर इज नो कॉज फॉर अलार्म. डोन्ट पॅनिक, हेल्प इज ऑन द वे. लीव्ह एव्हरीथिंग अँड कम धिस वे. आणि ब्रेस, ब्रेस, हेड्स डाउन, म्हणजे विमान आदळतंय, डोकी खाली घाला. शेवटचं जोरात म्हणायचं असतं, तसं पुस्तकातच आहे. जोरात म्हटलं. काकांच्या हातून पातेलं सुटलं.

काका म्हणजे माझे रूम पार्टनर. विमानातल्या जेवणाचे ट्रे धुतात. वयाने मोठे, आपल्याकडचेच, पण महत्त्वाकांक्षा नाही. त्यांनी विचारलं, बाळा, विमान पडतंय की तुझं लग्न आहे? मी म्हटलं, काका, तुम्हाला नाही कळायचं. ते म्हणाले, मला कळतंय, भात खाली सांडलाय, तो भर.

१२ फेब्रुवारी.
मुलीकडच्यांनी फोटो मागवला. कामावरचा हवा. दुपारी एक काउंटर बंद होता, त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. अंगात काकांचा कोट. बाह्या बोटांच्या खाली येतात, पण हात काउंटरमागे, कोण बघतंय? चेहऱ्यावर जबाबदारी आणली. फोटो काकांनी काढला, अंगठा फक्त कोपऱ्यात आलाय.

मामाचा लगेच फोन. वडिलांना फोटो आवडला. मुलगी तर बघून हसली म्हणे, बराच वेळ हसत होती. ती शिकलेली आहे, शाळेच्या ऑफिसात काम करते. म्हणजे तिकडून होकार आहे. आता फक्त ऑफिसर व्हायचं राहिलं.

१९ फेब्रुवारी.
अभ्यास झाला नाही. कारण कामावर डोकं फिरलं.

खुर्ची मागणाऱ्यांतल्या निम्म्यांचे पाय माझ्यापेक्षा दणकट असतात. इंग्रजी येत नाही, म्हणून पोरं तिकीट काढतानाच त्यांच्या नावापुढे व्हीलचेअर लिहून टाकतात. मग कुणाला काही विचारायला नको, कुठली पाटी वाचायला नको. आमच्यातला एक जण या विमानातून उतरवतो आणि ढकलत त्या विमानाच्या गेटवर नेऊन सोडतो. आज एका मावशींना असं घाम गाळत गेटपर्यंत नेलं. गेट आलं तशा त्या उठल्या आणि खाऊच्या दुकानाकडे अशा सुटल्या की त्यांची पर्स घेऊन मला पळावं लागलं.
मला अशा लोकांची कीव येते. चार वाक्यं शिकायला काय होतं?

शिवाय माझी खुर्ची डावीकडे ओढते. सुपरवायझरला सांगायचं आहे. इंग्रजीत सांगायचं ठरवलंय, म्हणून थांबलोय.

२६ फेब्रुवारी. परीक्षा झाली. फर्स्ट क्लास.
समोर काउंटरच्या मोठ्या मॅडम. त्यांनी विचारलं, काउंटरवर पॅसेंजर आला तर पहिलं काय म्हणाल? मी म्हटलं, प्लीज रिमेन काम. पॅसेंजरला उशीर झाला तर? लीव्ह एव्हरीथिंग अँड कम धिस वे. लहान मूल रडत असेल तर? इथे मी जरा विचार केला. घाईत उत्तर देणाऱ्यातला मी नाही. मग म्हटलं, ब्रेस, ब्रेस. हळू आवाजात, कारण मूल लहान आहे.

मॅडम पाणी प्यायल्या. पुस्तक कुठलं वाचलं, असं विचारलं. मग म्हणाल्या, कळवू. आवाजात आदर होता.

४ मार्च.
कळवलं. काउंटरला नाही घेतलं, पण मॅडमनी माझं नाव स्वतःहून सेफ्टीवाल्यांकडे दिलं. एअरपोर्टवर दरवर्षी आग लागल्याची प्रॅक्टिस होते, तिच्यात माझी निवड झाली आहे. पेशंटचं काम. जमिनीवर पडून राहायचं, फायरवाले येऊन उचलतात. सुपरवायझरने बजावलं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही, मॅडमची खास सूचना आहे.
काका म्हणाले, गप्प पडून राहायचं, तुझं इंग्रजी नेमकं तेवढ्यात बसतं. ते जळतात.

१० मार्च.
मुलीचे वडील उद्या येणार. प्लॅन तयार आहेत.
प्लॅन एक: काउंटरवाल्या ताईंच्या जागी पाच मिनिटं उभं राहायचं. ताई नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर हसल्या.
प्लॅन दोन: सुट्टी घ्यायची, काकांचा कोट घालून फिरायचं, आज ऑफिसर ऑफ ड्यूटी आहेत म्हणून सांगायचं. सुपरवायझरने सुट्टी दिली नाही.
प्लॅन तीन: मास्क, टोपी, दुसऱ्या टोकाच्या गेटवर ड्यूटी. नंतर मामाला सांगायचं, अर्जंट मीटिंग लागली. प्लॅन तीन आधीच्या दोन्हींपेक्षा चांगला आहे. तो आधी का सुचला नाही, हाच प्रश्न आहे.

११ मार्च. दुपार, जेवणाच्या सुट्टीत.
दुसऱ्या टोकाच्या गेटवर विमान लागलं. एक व्हीलचेअर पॅसेंजर. दारात ते स्वतः उभे. मुलीचे वडील. मामाने पाठवलेल्या मुलीकडच्यांच्या फोटोत बघितलेत, तेच. छातीशी कापडी पिशवी, ड्रायव्हरची मान, ताठ. पाय ठणठणीत. त्यांच्या मुलाने तिकीट काढताना खुर्ची लिहून टाकली होती.

डोकं शांत ठेवलं. मास्क वर ओढला, टोपी खाली. मराठी बोलायचंच नाही, म्हणजे ओळखायचा प्रश्न मिटला. म्हटलं, प्लीज रिमेन सीटेड. ते बसले. पुस्तक वाया गेलं नाही.

वाटेत ते एकटेच बोलत होते. वळण आलंय, बेतानं. समोर पोरगं आहे, दाबा ब्रेक. गाडी डावीकडे ओढते तुमची. आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले असणार, पाय सारखा ब्रेक शोधत होता. मी काहीच न कळल्यासारखा चालत होतो. मग ते म्हणाले, घसा कोरडा पडलाय हो. मी पटकन बाटली भरून आणली. सर्व्हिस म्हणजे सर्व्हिस.

काउंटर आले तसं त्यांनी थांबायला सांगितलं. सगळ्या काउंटरवरून नजर फिरवली. मोबाइलमधला फोटो काढून माझ्यापुढे धरला. हे साहेब कुठे भेटतील, म्हणाले. कोटातला मी. मी म्हटलं, डोन्ट पॅनिक, हेल्प इज ऑन द वे.

त्यांनी फोटोकडे बघितलं. माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय. मी लगेच वाकून पाहिलं. सुटलेली नव्हती. वयाने नजर जाते माणसाची.

पुढे चढ लागला. मला धाप लागली तशी ते उठले, पिशवी खुर्चीत ठेवली आणि डावा दांडा धरून माझ्याबरोबर चालायला लागले. दोघांनी धरल्यावर खुर्ची सरळ चालली. गेटवर पिशवी घेतली आणि एकच बोलले. "हात जपून चालवता तुम्ही. तेवढं तोंडाचं बघा."

ओळखलं नाही. शंभर टक्के. मास्कचा विजय.

१३ मार्च.
ओळखलं होतं.

मामाचा फोन. आधी त्याने माझा उद्धार केला, मग स्वतःचा केला, मग आईला फोन देतो म्हणाला आणि दिला नाही, ती रडत होती. मुलीच्या वडिलांचा निरोप त्याने जसाच्या तसा सांगितला. "पोरगा मराठीत खोटं बोलला नाही, कारण मराठीत बोललाच नाही. काम वाईट नाही त्याचं, मी बसून बघितलंय. आमच्या घरी फोन करून आपण काय करतो ते स्वतःच्या तोंडाने मुलीला सांगू दे. रविवारपर्यंत वाट बघू, मग दुसरं स्थळ."

आणखी एक. मुलगी फोटो बघून का हसली ते कळलं. माझ्या डोक्यावर पाटी होती, काउंटर बंद आहे, कृपया शेजारी जावे. इंग्रजीत. तिने पहिल्याच दिवशी वाचली होती. बापाला सांगितली नाही, मजा बघत बसली.

१५ मार्च. रविवार, सकाळ.
वाक्य एकच आहे. मी व्हीलचेअर ढकलतो. आरशासमोर म्हटलं, काकांसमोर म्हटलं, जिन्यात म्हटलं. काका म्हणाले, ऐकायला बरं वाटतं की रे. आता पुस्तक नाही, तयारी नाही, सरळ फोन. माणसाने खरं बोलायला घाबरू नये. अकरा वाजता लावतो.

दुपार.
जेवून लावतो.

चार वाजता.
लावला. तिने उचलला. हॅलो म्हणाली. आवाज फोटोपेक्षा चांगला आहे. माझं तोंड उघडलं आणि आतून जे बाहेर आलं ते असं: प्लीज रिमेन काम. देअर इज नो कॉज फॉर अलार्म.

काकांनी कपाळाला हात लावला.

तिने फोन बाजूला धरला. मग ती आत ओरडली, "आई, खुर्चीवाल्यांचा फोन आलाय गं." मग मला विचारलं, "खुर्चीवालेच ना?"

मी हो म्हटलं. मराठीत.

थांबा जरा, म्हणाली. थांबलोय. फोन कानाला, दुसऱ्या हाताने हे लिहितोय. तिकडे दोघी हसताहेत. चार्जिंग संपत आलंय, चार्जर काकांच्या खाटेमागे आहे, आणि काका उठत नाहीत, ते पण हसताहेत.