तोमोएची एकेचाळीस वर्षं

१२ एप्रिल
रुईनिंग पास झाली! तोंडी परीक्षेतसुद्धा! माझी नात, सरकारी नोकरीत! फोनवर नुसती ओरडत होती — "आजी, आता फक्त घराण्याची चौकशी उरली. लग्नाच्या स्थळाची करतात तशी!"
हसले. फोन ठेवला. चौकशी!

१५ एप्रिल
वसाहत समितीतला जी आडनावाचा म्हातारा जिन्यात भेटला. "यूबाई, तपासणीवाले येतील हं. शेजारीपाजारी विचारतील. परदेशात कोणी नाही ना तुमचं?"
नाही म्हटलं. लगेच!
नात्याचं कोणी नाहीच. पण ओसाकात तोमोए आहे.

१६ एप्रिल
पत्रांचा डबा काढून बसले. एकेचाळीस वर्षांची पत्रं. आमच्या पंप कारखान्यात जपानी यंत्रं बसवायला माणसं आली, त्यांत तोमोए एकटीच बाई इंजिनिअर. मी दुभाषी. काय दिवस होते! रेडिओवर जपानीचे धडे लागले की अख्खी इमारत वह्या घेऊन बसायची. पाहुणे येणार म्हणून संचालक स्वतः उभे राहून संडास धुऊन घेत. तोमोएला मी सुरमईचं सारण भरून जियाओझीच्या करंज्या करायला शिकवलं. तिची एकूणएक उकळत्या पाण्यात फुटायची. "पेइझेन, मला पंप जोडायला सांग, हे नको!"
शनिवारी जेवणघरात नाच. पुरुष लाजून भिंतीला चिकटलेले, म्हणून आम्ही दोघीच नाचायचो. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. परवा आत शिरले, तर विक्रेती मला सोफा दाखवायला लागली.
तोमोएची फार आठवण येते. बस्स.

२१ एप्रिल
बातम्यांत पुन्हा जपानशी तंटा. भाजीवालीसुद्धा तावातावाने बोलत होती. मी पालक निवडत राहिले.
बाबा आठवले. अडुसष्ट साली, परदेशाशी संबंध म्हणजे गुन्हाच होता तेव्हा, झडतीत परदेशातल्या मोठ्या काकांची तीन पत्रं घरात सापडली, तेवढ्यावर बाबांची शाळेतली नोकरी गेली. पाच वर्षं डुकरं राखली त्यांनी. आणि पत्रांत काय होतं? हवापाण्याच्या गोष्टी!
रुईनिंगचं तसं होऊ द्यायचं नाही. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

२८ एप्रिल
तोमोएचं पत्र आलं. जाडजूड, रजिस्टर. पोस्टमनने सहीला कागद पुढे केला. मी हात मागे घेतला. "या पत्त्यावर राहत नाही, असं लिहा."
वीस वर्षं हाच माणूस येतोय! "अहो यूबाई, समोर उभ्या आहात की."
"लिहा म्हटलं ना!"
लिहिलं बिचाऱ्याने. पाकीट परत पिशवीत टाकलं. मागे वळून दोनदा बघितलं माझ्याकडे.

२९ एप्रिल
रडले. ती समजून घेईल.
कशी घेईल? काय समजेल तिला?

१४ मे
तपासणीवाले आले. एक बाई, एक गृहस्थ. चहा प्यायले. नात स्वभावाने कशी? म्हटलं, हट्टी! हसले दोघंही. निघताना बाई म्हणाल्या, "आजी, जपानी अजून बोलता येतं?"
"विसरले."
साफ खोटं! अजून स्वप्नंसुद्धा जपानीत पडतात. जिना उतरताना त्या काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

२ जून
रुईनिंगची नेमणूक झाली. सकाळी येऊन गळ्यात पडली. मी अभिमानाने सांगितलं, तुझ्यासाठी तोमोएला तोडलं बघ.
तिचा चेहरा उतरला. "आजी, तोमोएआजीचं नाव मीच दिलं होतं अर्जात. एकेचाळीस वर्षांची मैत्री, सगळं लिहिलं. त्यांनी वाचलं, आणि मला घेतलं."
मला हे कर म्हणून कोणीच सांगितलं नव्हतं.